मॅस्टोडॉनवर नव्या माणसाला आधी काय सांगायचं आणि काय नाही?

रानहळद

नमस्कार मंडळी.

आमचा रानफुलं बघणाऱ्यांचा गट आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि थोडे बेळगावकडचे लोक. पाऊस ओसरायला लागला की मसाई पठार, कास, आंबा घाटाची बाजू असं हिंडायचं, फोटो काढायचे, झाड ओळखायचं आणि त्या त्या गावात त्याला काय म्हणतात ते लिहून घ्यायचं. गटात शेतकरी आहेत, शाळेतले मास्तर आहेत, एक निवृत्त वनरक्षक आहेत, कॉलेजची पोरंपोरी आहेत.

हे सगळं आजवर एका मोठ्या साइटवरच्या गटात चालायचं. गट ज्यांच्या नावावर होता त्यांचं खातं एक दिवस बंद झालं. कारण कळलं नाही, दाद मागायला माणूस सापडला नाही. फोटो बहुतेकांच्या फोनमध्ये आहेत, पण फोटोंखाली लोकांनी जे लिहिलं होतं ते गेलं. ‘आमची आजी ह्याची भाजी करायची, पण पहिल्या पावसातलीच पानं घ्यायची’ असली माहिती पुस्तकात सापडत नाही, आणि सांगणाऱ्यांतले काही जण आता राहिलेही नाहीत. म्हणून पुन्हा सगळं एकाच कंपनीच्या दावणीला बांधायचं नाही असं गटात ठरलं आणि मी मॅस्टोडॉन सुचवलं: वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरवर, म्हणजे खाती ठेवणाऱ्या संगणकांवर, मिळून चालणारं विकेंद्रित समाजमाध्यम.

मी स्वतः ते बरेच दिवस वापरते आहे आणि मला ते मनापासून आवडतं. जाहिराती नाहीत. जे लोक निवडले तेच दिसतात, ज्या क्रमाने लिहिलं त्या क्रमाने दिसतात. फोटोला वर्णन जोडायची तिथं चांगली रीत आहे, त्यामुळे आमच्या गटातल्या दृष्टिहीन मैत्रिणीला फोनवर वाचून घेता येतं की सोनकीचं पिवळं कसं आहे आणि पाकळ्या किती आहेत. माझी अडचण आहे ती हे इतरांना समजावण्याची.

परवाच्या बैठकीत सगळ्यांनी फोन काढले. मॅस्टोडॉनविषयी जो कोणी लिहितो तो ‘हे ईमेलसारखं आहे’ इथून सुरू करतो, तशीच आमचीही सुरुवात झाली. जीमेलवरून याहूवर मेल जातो, तशी ह्या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर पोस्ट जाते, वगैरे. कॉलेजच्या मुलांनी जीमेलशिवाय दुसरा मेल पाहिलेला नाही. मोठ्यांतल्या काहींचा मेल फोन घेताना दुकानदारानेच उघडून दिलेला आहे. त्यांना त्या उदाहरणातून काहीच मिळालं नाही.

मग सर्व्हर निवडायची वेळ आली. ‘ह्यातला सरकारी कुठला?’ ‘पैसे लागत नाहीत असा कुठला?’ ‘जर्मनीतला घेतला तर मराठीत लिहिता येईल ना?’ ‘आवडला नाही तर बदलता येतो का?’ एकेक प्रश्न रास्त होता. पण ‘सीतेची आसवं’ ह्या रानफुलाचा एक फोटो टाकायला आलेल्या माणसावर आपण आधी एवढे निर्णय का लादतो, हे मला तिथं बसल्या बसल्या खटकत राहिलं.

ज्यांची खाती झाली त्यांचं पुढं काय झालं ते सांगते, कारण माझा खरा प्रश्न तिथं आहे. वनरक्षक काकांनी आपल्या खात्याची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली. एका मुलीने ती दाबली. लिंक ॲपमध्ये न उघडता ब्राउझरमध्ये, काकांच्या सर्व्हरच्या पानावर उघडली. हिचं खातं दुसऱ्या सर्व्हरवर. तिने ‘फॉलो’ दाबलं, समोर लॉगिन आलं. आपला पासवर्ड घातला, चुकीचा. पुन्हा घातला, पुन्हा चुकीचा. शेवटी तिने तिथंच नवीन खातं उघडलं. आता तिची दोन खाती आहेत, एकात तिचे फोटो आहेत आणि दुसऱ्यात काका आहेत.

आणखी एकाने काकांना ॲपमध्येच शोधलं. काका सापडले, पण खातं रिकामं. काकांनी तर कारवीचे ढीगभर फोटो टाकलेले. ‘काकांनी आपल्याला ब्लॉक केलं वाटतं’ अशी कुजबुज झाली आणि काका दुखावले. ह्यात कोणाचा काही दोष नव्हता, पण त्या संध्याकाळनंतर काही जणांनी ॲप काढून टाकलं.

तर विचारायचं आहे ते असं. सर्व्हर म्हणजे काय, हे आधी समजावायचं की नाही? सगळ्यांना एकाच सर्व्हरवर न्यावं की ज्याला जिथं वाटेल तिथं जाऊ द्यावं? मॅस्टोडॉनवर ‘गट’ असा प्रकार नाही, मग आमचं एकत्र बसणं कसं होणार? आणि कोणी म्हणतं की आपला मराठी सर्व्हरच काढा, ते कितपत झेपेल? ज्यांनी प्रत्यक्ष माणसं आणली आहेत, टिकवली आहेत, त्यांनी सांगावं.

तंबोरा

ताई, नमस्कार. मी मिरजेचा, सध्या लायप्झिगला असतो. मित्रांबरोबर एक लहान सर्व्हर चालवतो, त्यामुळे नवीन लोकांच्या ह्या अडचणी माझ्याकडे सतत येतात.

माझं मत असं की विकेंद्रित म्हणजे काय हे पहिल्या दिवशी सांगूच नये. लोकांना ते समजण्यासारखं आहे, पण अजून त्याची गरज पडलेली नसते. जिथं पाऊल अडतं तिथं, त्याच क्षणी दोन वाक्यांत सांगितलं की ते कायमचं लक्षात राहतं. अशा अडणाऱ्या जागा फार नाहीत. दोन तर तुम्हीच लिहिल्यात, त्यापासून सुरू करतो.

लिंकची गोष्ट. त्या मुलीला एवढंच सांगायचं: ‘तुझं खातं एका ठिकाणी आहे, लॉगिन तिथंच होतं. बाकी सगळ्यांना तिथूनच शोधायचं.’ लिंक दाबण्याऐवजी ती कॉपी करायची आणि आपल्या ॲपच्या शोधाच्या चौकटीत टाकायची. काका आत उघडतात, तिथं ‘फॉलो’ दाबलं की झालं. वेबवर आता ‘फॉलो’ दाबल्यावर तुमचा सर्व्हर कोणता ते विचारून तिकडे नेण्याची सोय आहे, पण नवख्या माणसाला आपल्या सर्व्हरचं नाव आठवत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर खात्याची लिंक पाठवूच नका, पूर्ण पत्ता पाठवा: @नाव@सर्व्हर असा, दोन्ही भागांसकट. तो शोधात टाकला की काम होतं. आणि दुसरं खातं तिला लगेच बंद करायला लावा, नाहीतर लोक चुकीच्या खात्याला फॉलो करत राहतील.

काकांचं रिकामं खातं. हे सगळ्यांना घाबरवतं, आणि ह्याचं कारण सांगितलं की विकेंद्रीकरण अर्धं अधिक समजतं. तुमच्या सर्व्हरवर काकांना आजवर कोणीच फॉलो केलेलं नसेल तर काकांचं जुनं लिखाण तुमच्या सर्व्हरकडे आलेलंच नसतं. पहिल्या माणसाने फॉलो केलं की तिथून पुढचं येऊ लागतं. जुनं बघायचं असेल तर खात्याच्या पानावर मूळ सर्व्हरवर जायचा दुवा असतो, तो दाबायचा. लाइक आणि बूस्टचे (दुसऱ्याची पोस्ट आपल्या लोकांपुढे पाठवण्याचे) आकडे दोन सर्व्हरवर वेगळे दिसतात, तेही ह्याच कारणाने. एखाद्या पोस्टखालचे काही प्रतिसाद पूर्वी दिसायचेच नाहीत. अलीकडच्या आवृत्त्यांत सर्व्हर राहिलेले प्रतिसाद मागवून घेतो, पण तुमचा सर्व्हर जुन्या आवृत्तीवर असेल तर तेही अजून घडेल. काकांना हे समजावून सांगा, त्यांचा गैरसमज राहायला नको.

आता सर्व्हर. तो तुम्हीच निवडा आणि सगळ्यांना तोच सांगा. मॅस्टोडॉनवाल्यांनीही शेवटी हेच केलं. २०२३ च्या मे महिन्यात त्यांनी आपल्या ॲपमध्ये मॅस्टोडॉन.सोशल ह्या स्वतःच्या सर्व्हरवर थेट खातं उघडायचं बटण वर आणलं आणि ‘दुसरा सर्व्हर निवडा’ खाली ठेवलं. जुन्या मंडळींनी तेव्हा आरडाओरडा केला की हे पुन्हा एका जागी गर्दी करणं झालं. त्यांची काळजी खोटी नाही, पण दारातच परीक्षा घेतली तर लोक आत येणारच नाहीत, आणि माणसंच नसतील तर विकेंद्रित ठेवून उपयोग काय?

तुमच्या गटासाठी मात्र मी मॅस्टोडॉन.सोशल सुचवणार नाही. मध्यम आकाराचा, काही वर्षं नीट चाललेला, निसर्ग किंवा विज्ञानाकडे कल असलेला एखादा सर्व्हर बघा आणि सगळे तिथंच या. एका सर्व्हरवर असलात की ‘लोकल’ टाइमलाइनमध्ये एकमेकांचं सगळं दिसतं, शोधात लगेच सापडता, रिकाम्या खात्याचा घोळ होतच नाही. आधी त्या सर्व्हरच्या चालकांना लिहा की आम्ही अमुक लोक येतोय, मराठीत लिहू, फुलांचे फोटो टाकू. परवानगी लागणाऱ्या सर्व्हरवर एकदम अनोळखी लिपीतले बरेच अर्ज आले तर चालक बिचकतो आणि अर्ज पडून राहतात. मी चालक म्हणून सांगतो, आधी आलेल्या दोन ओळींनी फार फरक पडतो.

निवडताना ‘अबाउट’ पान वाचा: चालवतं कोण, नियम काय, खर्च कुठून येतो. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं असेल तर सर्व्हरला काही गोष्टी कबूल कराव्या लागतात. रोज बॅकअप घ्यायचा, अडीअडचणीला हात घालू शकेल असा निदान आणखी एक माणूस ठेवायचा, द्वेष पसरवणाऱ्यांना आवर घालायचा, आणि बंद करायची वेळ आली तर तीन महिने आधी सांगायचं. यादीतला सर्व्हर घ्या. पत्त्याच्या शेवटच्या अक्षरांकडेही लक्ष द्या. क्विअर.एएफ नावाचा एक सर्व्हर अफगाणिस्तानच्या डोमेनवर होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारच्या मंत्रालयाने ते डोमेनच बंद केलं आणि पत्ता गेला.

‘बदलता येतो का?’ ह्या प्रश्नाचं उत्तर नीट द्या, कारण इथंच लोकांना अर्धवट सांगितलं जातं. दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं. तुम्हाला फॉलो करणारे आपोआप तिकडे येतात, तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी फाइलने नेता येते. पण तुमच्या जुन्या पोस्ट जात नाहीत. त्या जुन्या जागीच राहतात, आणि ती जागा बंद झाली तर जातात.

म्हणून तुमच्या आजीच्या भाजीच्या नोंदींबद्दल माझं कळकळीचं सांगणं आहे: त्या फक्त मॅस्टोडॉनवर ठेवू नका. कंपनीच्या हातातून सुटलं म्हणजे ते टिकलं असं होत नाही. आपल्या नावाचं डोमेन घेऊन एक साधा वर्डप्रेस ब्लॉग काढा, त्याला ॲक्टिव्हिटीपब नावाचं प्लगइन जोडा. मॅस्टोडॉन ज्या भाषेत दुसऱ्या सर्व्हरशी बोलतं तीच ही, २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी ह्या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक आहे. प्लगइन जोडलं की ब्लॉगलाच मॅस्टोडॉनवरून फॉलो करता येतं आणि तिथून दिलेलं उत्तर ब्लॉगखाली प्रतिक्रिया म्हणून येतं. काकांनी मॅस्टोडॉनवरूनच ‘ह्याला आमच्याकडे अमुक म्हणतात’ असं लिहिलं की नोंद तुमच्या घरात जमा. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या खुल्या फोटोभांडारात चढवा.

एक धोका सांगून थांबतो, तो पहिल्याच दिवशी सांगण्यासारखा आहे. खासगी संदेशात तिसऱ्या कोणाचं @नाव लिहिलं की तो संदेश त्या तिसऱ्यालाही जातो. शिवाय हे संदेश कुलूपबंद नसतात, दोन्हीकडचे सर्व्हरचालक ठरवलं तर ते वाचू शकतात. दुर्मिळ ऑर्किडची जागा, फोन नंबर, असलं काही तिथं लिहायचं नाही.

चिमणबाग

तंबोरा यांनी सविस्तर लिहिलंय, पण एवढा खटाटोप कशाला? ब्लूस्काय हे असंच दुसरं समाजमाध्यम आहे, ते घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून निमंत्रणाशिवाय कोणालाही खातं काढता येतं, सर्व्हरचा प्रश्न समोर येतच नाही. आणि त्यांचे स्टार्टर पॅक नव्या माणसासाठी अप्रतिम आहेत. तुम्ही गटातल्या सगळ्यांचा एक पॅक करायचा, त्याची लिंक व्हॉट्सॲपवर टाकायची. जो येईल त्याने एक बटण दाबलं की गटातले सगळे एका फटक्यात फॉलो. रिकामी टाइमलाइन बघायची वेळ येत नाही. खात्याचं नाव म्हणून स्वतःचं डोमेनही लावता येतं.

तंबोरा

चिमणबाग, स्टार्टर पॅकबद्दल शंभर टक्के मान्य. नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ओळखीचे चेहरे दिसणं ह्याहून मोठं काही नाही, आणि ते ब्लूस्कायला आधी कळलं. माझी अडचण एवढीच आहे की त्यांचा प्रोटोकॉल (सर्व्हरांनी आपसात बोलायची भाषा) खुला असला तरी बहुतेक सगळी खाती आजही एकाच कंपनीच्या यंत्रणेवर आहेत. ताईंचा गट ज्या अनुभवातून आलाय तो बघता मी तिकडे पाठवणार नाही. कोणाला नुसत्या गप्पा मारायच्या असतील तर खुशाल जावं.

पाणकावळा

मी २०१९ च्या नोव्हेंबरातला. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर भारतातून पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर आले होते, त्या लाटेत मीही आलो. त्यातले बरेच पाहता पाहता परत गेले. लोक म्हणतात सर्व्हरचं कळलं नाही म्हणून गेले. मी तिथं होतो, मला तसं वाटत नाही. खातं तर सगळ्यांनी काढलं होतं. लोक गेले कारण पहिली पोस्ट टाकल्यावर कोणी काही बोललंच नाही. तिथं कोणतंच गणित तुमची पोस्ट उचलून अनोळखी लोकांपुढे नेत नाही. कोणी तुम्हाला फॉलो करत नसेल आणि तुम्ही हॅशटॅग लावला नसेल तर ती पोस्ट जवळजवळ कोणालाच दिसत नाही. नवीन माणूस म्हणतो, इथं कोणी नाही.

मी टिकलो कारण मी जायकवाडीच्या पाणपक्ष्यांचा एक फोटो टाकला होता आणि फिनलंडच्या एका बाईंनी विचारलं की हे पाणी खारं आहे की गोडं. त्यावरून आमचं जे बोलणं सुरू झालं ते आजही चालू आहे.

म्हणून ताई, तुम्ही प्रत्येक नव्या माणसामागे एक जुना माणूस लावून द्या. त्याने सुरुवातीचे काही आठवडे ह्याची प्रत्येक पोस्ट वाचायची, उत्तर द्यायचं, बूस्ट करायची. लाइक करून काही होत नाही हेही सांगा. इतरत्र लाइक केलं की ती गोष्ट पुढं पसरते, इथं लाइक फक्त लिहिणाऱ्याला कळतं. पसरवायचं तर बूस्टच.

आणि हॅशटॅग आधीच एक ठरवा. रानफुले, रानफुलं, रानफूल, जंगली फुले असे चार प्रकारे लोक लिहिणार आणि चार वेगळ्या खोल्यांत बसणार. २०२२ च्या अखेरीपासून हॅशटॅगलाच फॉलो करता येतं. एकाच सर्व्हरवर असाल तर तुमचा ‘गट’ म्हणजे तो हॅशटॅगच. वेगवेगळ्या सर्व्हरवर विखुरलात तर मात्र लहान सर्व्हरपर्यंत सगळ्या पोस्ट पोचत नाहीत आणि हॅशटॅग अर्धवट दिसतो. त्यामुळे सगळे एकत्र राहा ह्या तंबोरांच्या सांगण्याला माझा दुजोरा.

रोजनामा

स्वतःचा सर्व्हर काढण्याबद्दल थोडं, मी वकिली करते म्हणून. भारतात बसून तुम्ही दुसऱ्यांचं लिखाण साठवणारा सर्व्हर चालवलात की माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली तुम्ही ‘मध्यस्थ’ ठरता. कलम ७९ चं संरक्षण मिळतं, पण त्यासाठी २०२१ चे नियम पाळावे लागतात: तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर लावणं, तक्रारीची पोच ठरलेल्या मुदतीत देणं, मुदतीत निकाल देणं. ५० लाखांहून जास्त सदस्य असणाऱ्यांना आणखी बरंच काही आहे, ते तुम्हाला लागू नाही. पण लहान सर्व्हरला सगळंच माफ आहे हा समज चुकीचा. हे काम कोण करणार, सुट्टीत आणि आजारपणात कोण बघणार, ह्याचं उत्तर नसेल तर सध्या सर्व्हर काढू नका.

तंबोरा

रोजनामा यांच्या मुद्द्यात खर्चाची भर. लोकांना वाटतं आपली पंचवीस-तीस माणसं म्हणजे थोडकी जागा. पण तुमची माणसं बाहेर ज्यांना फॉलो करतात त्या सगळ्यांचे फोटो आणि व्हिडिओही तुमच्या सर्व्हरवर येऊन साठतात. ठराविक दिवसांनी ते पुसायची सोय चालू केली नाही तर डिस्क भरते आणि सर्व्हर बसतो. एखाद्या संस्थेने काढला तर उत्तम. इथं जर्मनीत सरकारी कार्यालयांसाठी वेगळा सर्व्हर आहे, २०२० पासून केंद्रीय विदासंरक्षण आयुक्तांच्या कार्यालयाने चालवलेला. खात्याचा पत्ता बघितला की कळतं, हे खरंच सरकारी आहे. आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठाने मराठीसाठी असं केलं तर मी रजा काढून मदतीला येईन.

रानहळद

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या सांगण्यावरून मधल्या काळात काही गोष्टी करून पाहिल्या, त्या लिहिते.

सर्व्हर मी निवडला, चालकांना आधी लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की मराठी कोणाला वाचता येत नाही, तेव्हा तक्रार आली तर मजकूर समजून घ्यायला गटातलं कोणी मदतीला असावं. हे मला फार आवडलं. आमच्या एका मास्तरांनी ते काम घेतलं आहे.

पुढच्या बैठकीत ‘सर्व्हर’ हा शब्द मी उच्चारला नाही. खातं उघडायच्या पानाचा क्यूआर कोड छापून नेला. नाव इंग्रजी अक्षरांत घ्यावं लागतं, पण दिसायचं नाव देवनागरीत ठेवता येतं, ते करून दाखवलं. परवानगीचा मेल काहींच्या स्पॅममध्ये गेला होता, तो शोधून दिला. मग प्रत्येकाने आपल्या गावच्या एका फुलाचा फोटो, त्याचं गावातलं नाव आणि फोटोचं वर्णन असं टाकलं, आमच्या ठरलेल्या हॅशटॅगसकट. वर्णन लिहिताना लोक किती बारकाईने बघायला लागले! एका शेतकरी दादांनी तेरड्याबद्दल लिहिलं, ‘गुलाबी फूल, मागे बारीक वाकडी शेपटी, पान करवतीच्या पात्यासारखं.’ एरवी त्यांनी ‘तेरडा’ एवढंच लिहिलं असतं.

वनरक्षक काका जुन्या सर्व्हरवरून आमच्याकडे हलले. त्यांच्या जुन्या पोस्ट येणार नाहीत हे आधी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी स्वतःच कारवीचे फोटो ब्लॉगसाठी काढून दिले, कुठल्या डोंगरावर कुठल्या साली फुलली होती त्याच्या नोंदींसकट. सात वर्षांनी फुलणाऱ्या झाडाच्या अशा नोंदी किती मोलाच्या आहेत हे तुम्ही जाणताच.

दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. आमच्या काही लोकांच्या मराठी पोस्टखाली बाहेरच्यांना ‘भाषांतर करा’ हे बटण दिसत नाही असं ते कळवतात. आणि चिमणबाग म्हणाले तसा एका फटक्यात सगळ्यांना फॉलो करण्याचा काही मार्ग आमच्याकडे आहे का? पुढच्या महिन्यात कागलकडचे आणखी लोक येणार आहेत.

तंबोरा

ताई, वाचून फार बरं वाटलं.

भाषेचं: पोस्ट लिहिताना खाली भाषा निवडायची जागा असते. फोन इंग्रजीत असेल तर तिथं इंग्रजी धरलेलं असतं, म्हणून मराठी पोस्टही इंग्रजी म्हणून नोंदली जाते. मग इंग्रजी वाचणाऱ्याला भाषांतराचं बटण दिसणार कसं? तिथं मराठी निवडा. सेटिंग्जमध्ये कायमची भाषा मराठी करून ठेवता येते, म्हणजे दर वेळी बघावं लागत नाही. मुळात भाषांतराची सोय वाचणाऱ्याच्या सर्व्हरने चालू केलेली असावी लागते, ते आपल्या हातात नाही.

फॉलोचं: मार्ग आहे, पण तो ॲपमध्ये नाही, ब्राउझरमधून करावा लागतो. तुम्ही गटातल्या सगळ्यांना फॉलो करताच. सेटिंग्जमध्ये ‘एक्सपोर्ट’ मध्ये जाऊन फॉलो केलेल्यांची सीएसव्ही फाइल उतरवून घ्या. ती स्प्रेडशीटमध्ये उघडा, गटाबाहेरची नावं काढून टाका, पहिली ओळ तशीच राहू द्या, ती शीर्षकांची आहे. सीएसव्ही म्हणूनच पुन्हा साठवा. ही फाइल कागलच्या लोकांना द्या, त्यांनी ‘इंपोर्ट’ मध्ये जाऊन ती चढवायची. तिथं ‘मर्ज’ की ‘ओव्हरराइट’ असं विचारतो, तिथं ‘मर्ज’च घ्यायचं. दुसरं घेतलं तर त्यांनी आधी ज्यांना फॉलो केलं असेल ते सगळे निघून जातात. ज्यांनी नवीन लोकांना परवानगी देऊन फॉलो करू द्यायचं ठेवलंय, त्यांच्याकडे विनंती जाईल, त्यांना आधी सांगून ठेवा.

फाइल तयार झाली की मला पाठवा, कागलच्या बैठकीआधी मी एका कोऱ्या खात्यावर ती चढवून बघतो.